बागेतील सल आणि बांधावरची बाभूळ: नवा चेनसॉ घेण्यापूर्वी जुना लाकडावर पारखून पाहा

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर तालुक्यांत मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरली की मे महिन्यातील ताणापूर्वी (म्हणजे पुढच्या बहारासाठी पाणी तोडण्यापूर्वी) झाडावरील सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढण्याचे काम हाती घ्यावे लागते, आणि बांधावरची वाळलेली बाभूळ तोडायलाही हेच दिवस सोयीचे असतात. जुना चेनसॉ, म्हणजे साखळीने लाकूड कापणारी पेट्रोलवरची मशीन, संथ कापते म्हणून नवी घेण्याचा विचार याच सुमारास होतो. मशीन बदलण्याआधी साखळी तपासावी, असा आमचा आग्रह आहे, कारण संथ कापणीचे कारण इंजिनापेक्षा बोथट किंवा चुकीच्या घासलेल्या साखळीत अधिक वेळा सापडते.

साखळी नीट आहे की नाही, हे भुशावरून ओळखता येते. धारदार साखळीतून जाडसर, कोरीव तुकडे बाहेर पडतात, तर बोथट साखळीतून पिठासारखा बारीक भुसा उडतो, कापाची बाजू काळपट पडते आणि मशीन हाताने दाबावी लागते. काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दाते कमी घासले गेले आहेत, किंवा पट्टीची (जिच्याभोवती साखळी फिरते त्या लांब पात्याची) कड झिजली आहे, असे समजावे. पिच म्हणजे साखळीच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराच्या निम्मे माप. ३/८ इंच पिचच्या साखळीला साधारणपणे ५.५ किंवा ५.२ मिलिमीटरची, ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची आणि लहान मशीनवरील ३/८ लो-प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दात्याचा कोन बहुतेक साखळ्यांत ३० अंशांच्या आसपास असतो. दात्यापुढचा छोटा उंचवटा मात्र अनेक जण कधीच घासत नाहीत. तो दात्याच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. दाता घासून घासून खाली येतो आणि उंचवटा तसाच राहतो, तेव्हा धार कितीही लावली तरी दाता लाकडात शिरत नाही. उलट, उंचवटा जास्त घासला तर मशीन हिसके देते आणि उसळण्याचा धोका वाढतो.

नव्या-जुन्या मशीनची तुलना करायची असेल तर दोन्हींवर सारख्याच धारेची साखळी असावी. पिच, गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि कड्यांची संख्या जुळत असेल तर एकच साखळी दोन्हींवर चढवून पाहणे सर्वांत उत्तम. बाभळीचा पंचवीस-तीस सेंटिमीटर जाडीचा सरळ, गाठी नसलेला ओंडका जमिनीपासून उचलून पक्का बसवावा, दोन्ही इंजिने आधी गरम करून घ्यावीत, आणि एक काप एका मशीनने तर त्याला लागून दुसरा काप दुसऱ्या मशीनने घ्यावा. ओंडका बुंध्याकडे जाड होत जातो, म्हणून असे आलटून पालटून काप घेतले नाहीत तर तुलना फसवी ठरते. प्रत्येक मशीनचे निदान तीन-चार काप मोजावेत, पूर्ण वेगावर साखळी टेकल्यापासून चकती खाली पडेपर्यंतचा वेळ घ्यावा आणि मशीन दाबू नये. सुरुवातीला टाकी काठोकाठ भरून शेवटी पुन्हा भरताना लागलेले पेट्रोल मोजपात्राने मोजावे. हा आकडा वेळेइतकाच महत्त्वाचा आहे.

अशा तुलनेत सहसा काय दिसते, त्याची कारणे समजून घ्यावीत. ३/८ पिचच्या साखळीला सात दात्यांचे स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) असेल तर एका फेऱ्यात ती सुमारे १३.३ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर सेकंदाला २० मीटर आणि ७,००० फेऱ्यांवर साडेपंधरा मीटर. नवी मशीन जास्त फेऱ्यांवर चालते, म्हणून मध्यम जाडीच्या लाकडात ती पुढे जाते. जाड, वाळलेल्या बाभळीत पट्टी पूर्ण बुडाली की लहान इंजिनाचे फेरे पडतात, तर जास्त सीसीची जुनी मशीन कमी फेऱ्यांवरही ओढत राहते. म्हणून तुलना आपल्याला प्रत्यक्ष कापायच्या जाडीवरच करावी. पेट्रोलच्या बाबतीत मात्र नव्या मशीनचे पारडे स्पष्टपणे जड आहे. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात न जळलेल्या मिश्रणाचा काही भाग धुरासोबत बाहेर जातो. नव्या रचनेतील अनेक इंजिनांत मध्ये कोऱ्या हवेचा थर सोडून ही गळती कमी केलेली असते.

नागपूरच्या मे महिन्यात जुन्या मशीनची आणखी एक परीक्षा होते. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यामुळे जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचा पडदा लवकर खराब होऊ शकतो. नळीला भेग पडली किंवा सील गेले की जास्त हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. रिकामे चालताना फेरे आपोआप चढू लागले तर मशीन ताबडतोब बंद करावी. ऑइलचे प्रमाण त्या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे: बहुतेक नव्या मशीनला लिटरला २० मिलिलिटर लागते, तर अनेक जुन्यांना ४० मिलिलिटर.

ज्या जुन्या मशीनला चेन ब्रेक (मशीन उसळताच साखळी थांबवणारा ब्रेक) नाही, ती कितीही चांगली कापत असली तरी बागेत वापरू नये, हे आमचे ठाम मत आहे. फांद्यांच्या गर्दीत पट्टीचे टोक दुसऱ्या फांदीला लागले की मशीन क्षणात चेहऱ्याकडे उसळते. संत्र्याच्या सलीसाठी लहान पट्टीची हलकी मशीनच घ्यावी आणि बोटभर जाडीच्या फांद्या कात्रीनेच काढाव्यात. सल सुमारे २ सेंटिमीटर हिरव्या भागासह कापावी, आणि मोठ्या कापांवर १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो पेस्ट लावावी. बांधावरील साग, मोह, आंबा किंवा चिंच तोडण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी.

काम आटोपले की पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, पट्टीची खाच व ऑइलचे छिद्र साफ करावे, आणि साखळी ऑइलमध्ये बुडवून ठेवावी.