हॅवलॉकला पहिल्यांदा पाण्याखाली जाताना

अंदमानच्या टूरचा कागद हातात आला की आधी शेवटचा दिवस बघा. टूरवाल्यांचा क्रम साधारण ठरलेला असतो: वीर सावरकर विमानतळावर उतरायचं, दुपारी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक, मग नील, मग परत. स्कुबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जाणं, यात कुठेतरी चिकटवलेलं असतं. परतीच्या विमानाच्या दिवशीच सकाळी ते आलं असेल तर फोन करून बदलून घ्या. पाण्याखाली दाब वाढतो, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात नेहमीपेक्षा जास्त विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा बराच कमी असतो. उरलेला नायट्रोजन निघून जायच्या आत तुम्ही तिथे जाऊन बसलात तर त्याचे शरीरातच बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा दंडक आहे. मी विचारणाऱ्याला सरळ पूर्ण दिवस सोडायला सांगते. हिशेबाची कटकटच नको.

मी सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वय पन्नाशीच्या पुढे, डोळ्यांना चष्मा, आणि कृष्णाकाठी जन्म जाऊनही पोहण्याच्या नावाने पूज्य. तरी मी हॅवलॉकला खाली जाऊन आले. तेव्हापासून स्टाफरूममधलं कुणी ना कुणी अंदमानला निघालं की मला तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर वेगळं नाव दिसलं म्हणून दचकू नका, बोट तीच आहे. बोटीप्रमाणे दीड ते अडीच तास लागतात.

पोहता येत नाही, मग चालेल का? चालेल. नवख्यांसाठीचा जो प्रकार असतो, त्याला तिथे डीएसडी (डिस्कव्हर स्कुबा डायव्हिंग) म्हणतात, त्यात इन्स्ट्रक्टर सगळा वेळ तुम्हाला धरून असतो. वय किमान दहा लागतं, खोली जास्तीत जास्त १२ मीटर. प्रत्यक्षात बहुतेकांना त्याच्याही बऱ्याच वर ठेवतात, आणि त्यात काहीही गमावत नाही. मासे आणि प्रवाळ उजेडात असतात, आणि उजेड वरच्या पाण्यातच भरपूर असतो.

बुकिंग शक्यतो टूरवाल्यामार्फत न करता थेट डाइव्ह सेंटरला फोन करून करा. पैशांआधी तीन गोष्टी विचारा: एका इन्स्ट्रक्टरकडे किती पाहुणे, उथळ पाण्यात सराव किती वेळ घेता, आणि आमच्या तारखेला पाण्यात उतरायची वेळ काय. पहिल्याचं उत्तर ‘एकाला एक’ यायला हवं. दुसऱ्याला ‘पाच मिनिटांत होतं मॅडम’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. हे वाक्य मी ऐकलेलं आहे, ते सेंटर कुठलं ते सांगत नाही. तिसरा प्रश्न भरती-ओहोटीसाठी. गोविंदनगरजवळच्या नेमो रीफवर किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तिथली ओहोटी फार लांब जाते, आणि मग ती वजनदार टाकी पाठीवर घेऊन खडकाळ उथळ पाण्यातून चालत बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच विचारून ठेवावं. होडीतून नेणारीही डाइव्ह असते, लाइटहाउस किंवा ॲक्वेरियम अशा ठिकाणी. ती महाग असते, पण चालायचं वाचतं. होडी लागत असेल तर उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो.

हवामानाचं थोडक्यात: फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात चांगला काळ. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पावसाची आणि वादळाची तयारी ठेवावी.

तिथे गेल्यावर एक फॉर्म देतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, नियमित चालू असलेली औषधं, असं सगळं त्यात विचारलेलं असतं. आपल्याकडे असले फॉर्म ‘सगळीकडे नाही’ अशी एक उभी रेघ मारून द्यायची पद्धत आहे. इथे ती सोडा. काही ‘हो’ असेल तर सांगलीहून, पुण्याहून, जिथे असाल तिथून निघतानाच आपल्या डॉक्टरांचं पत्र घेऊन जा. आणि सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. गोळी घेऊन नाक मोकळं करून जाऊ, हा सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण गोळीचा अंमल पाण्याखाली असताना उतरला तर आत अडकलेल्या हवेला वर येताना वाट मिळत नाही.

आता घरी करायची तयारी. बहुतेकांची फजिती होते ती नाकाने. आपल्याला जन्मभर नाकाने श्वास घ्यायची सवय, आणि पाण्याखाली नाक मास्कमध्ये बंद. जायच्या आधी आठवडाभर रोज आंघोळीच्या वेळी चेहऱ्यावर तांब्याने पाणी ओतत फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. पहिल्या दिवशी ठसका लागतो, चार दिवसांत शरीराला कळतं. दुसरा सराव कानांचा: नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि अगदी हळू नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करायचा. कानात बारीक ‘टक’ होतं. झालं की थांबायचं. जोर लावायचा नाही, गालफुगीची स्पर्धा नाही ती.

निघताना मंगळसूत्र, बांगड्या, कानातले झुमके हॉटेलवर ठेवा. टाकी बांधलेल्या जॅकेटच्या पट्ट्यांमध्ये अडकतात. केस घट्ट आणि खाली बांधा. कपाळावरची एक बट मास्कच्या कडेखाली गेली तरी तिथून पाणी येतं. मिशीचंही तसंच. आमच्या ह्यांची मिशी भरघोस, त्यांच्या मास्कमध्ये शेवटपर्यंत थोडं पाणी झिरपत होतं. ती उतरवायला मात्र ते तयार नव्हते. चष्मा मास्कखाली बसत नाही. कमी नंबर असेल तर फारसं अडत नाही, कारण पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) साधारण १.३३, त्यामुळे मास्कमधून सगळं जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं. जास्त नंबरवाल्यांनी बुकिंग करतानाच नंबरचा मास्क मिळतो का ते विचारावं. सकाळी हलकं खा. आदल्या रात्री दारू नको, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. पाठीवर असतो तो ‘ऑक्सिजन सिलिंडर’ नव्हे. त्यात आपण आत्ता घेतोय तीच हवा असते, गाळून आणि कोरडी करून साधारण २०० बार दाबाने भरलेली. कोरडी असल्यामुळे घसा सुकतो. तोंडातल्या रेग्युलेटरचं काम एवढंच की तुम्ही ओढाल तेव्हा, तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने ती हवा द्यायची. तुम्ही ओढलं नाही तर हवा येत नाही. त्यामुळे त्यातून खोकता येतं, शिंकता येतं, अगदी उलटी झाली तरी ती त्यातूनच बाहेर जाते. ते तोंडातून काढायचं कारणच नाही.

कंबरभर पाण्यातला सराव हा या सगळ्याचा गाभा आहे. पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं की शरीर श्वास घ्यायला नकार देतं. छाती घट्ट होते. अशा वेळी श्वास घ्यायच्या मागे लागू नका, आधी सोडा. तोंडाने लांब, सावकाश, फुंकर घातल्यासारखा, बुडबुड्यांचा आवाज ऐकत. तो संपला की पुढचा श्वास आपोआप आत येतो. तीनचारदा असं झालं की भीती निम्मी होते. उरलेली निम्मी असू द्या, ती कामाची असते.

मग मास्कमधलं पाणी काढायला शिकवतात: वर बघायचं, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालच्या कडेने निघून जातं. हे एकदा जमेपर्यंत पुढे जायचं नाही, असं इन्स्ट्रक्टरला स्पष्ट सांगा. ही मुलं, कुणी बंगाली, कुणी तामिळ, कुणी अंदमानातच वाढलेल्या करेन घरांतली, बहुतेक फार समजूतदार असतात. करेन लोक ब्रह्मदेशातून ब्रिटिशांच्या काळात अंदमानात आले, आणि समुद्राची त्यांची जाण त्या बेटांवर सगळे मानतात. ‘भैया, और एक बार’ म्हणायला लाजू नका. पैसे दिलेत तुम्ही.

खुणा पाठ करा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. पंजा आडवा धरून डगडग हलवला म्हणजे काहीतरी गडबड आहे, आणि मग जिथे गडबड आहे तिथे बोट दाखवायचं. अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. आपली सवय अशी की कॅमेरा दिसला की अंगठा वर. व्हिडिओसाठी हसत हसत अंगठा दाखवला की इन्स्ट्रक्टर निमूटपणे तुम्हाला वर घेऊन येतो, आणि चूक त्याची नसते.

आता कान. सगळ्यात जास्त जण इथे अडतात, आणि का अडतात हे कळलं तर अडायचं कारण नाही. पृष्ठभागावर दाब एक वातावरण, दहा मीटर खाली दोन. बॉइलच्या नियमाने (दाब दुप्पट, तर आकारमान निम्मं) तेवढ्यात कानातल्या हवेचं आकारमान निम्मं होतं. त्यापुढे दहापासून वीस मीटरपर्यंत गेलात तर उरलेल्यातलं फक्त एक तृतीयांश कमी होतं. म्हणजे बदलाचा सगळा जोर पहिल्या काही मीटरमध्ये. म्हणून डोकं बुडाल्याबरोबर, अजून काही वाटायच्या आतच, पहिली ‘टक’ करून घ्या आणि मग दर अर्ध्या-एक मीटरला करत राहा. कान दुखायला लागल्यावर करू म्हणाल तर कान आणि घसा जोडणारी आतली नळी दाबली गेलेली असते आणि मग ती उघडत नाही. तसं झालंच तर कानाकडे बोट दाखवा, तो तुम्हाला थोडं वर नेईल, तिथे पुन्हा प्रयत्न करा. दुखणं सोसून खाली जायचं नाही. पडदा फाटतो.

याच नियमाची दुसरी बाजू श्वासाची. खाली घेतलेला भरलेला श्वास वर येताना फुगतो. दहा मीटरवरचा पृष्ठभागावर दुप्पट होईल. म्हणून पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नाही, कधीच नाही. माझ्या वर्गात हा नियम कुणी विसरला तर दोन मार्क जातात. इथे फुप्फुसाला इजा होते.

एकदा चार-पाच मीटर पार झाले की तुमच्याकडून काहीच अपेक्षा नसते. हात छातीशी घ्या, पाय सैल सोडा, सायकल मारू नका. इन्स्ट्रक्टर मागून किंवा वरून टाकीला धरून असतो, त्यामुळे तो दिसत नाही. घाबरून मान वळवत बसू नका, खांद्यावर थाप मारून तो आपण असल्याचं सांगतो. आवाज कुठून येतो ते कळत नाही, कारण पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने जातो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो. होडीचं इंजिन डोक्यावर आहे असं वाटतं, ते बरंच लांब असतं.

जाताना लाल नेलपॉलिश लावून जा. गंमत नाही, प्रयोग आहे. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषतं, त्यामुळे जसजसे खाली जाल तसा तो लाल रंग मळकट तपकिरी होत जातो. मी बोटं डोळ्यांसमोर धरून बराच वेळ तेच बघत होते. इन्स्ट्रक्टरला वाटलं मला काहीतरी झालं, तो सारखा ‘ठीक आहे ना’ विचारत राहिला, आणि समोरून पोपटमाशांचा थवा गेला तो मी पाहिलाच नाही, असं ह्यांचं म्हणणं आहे.

माशांचं वर्णन करत बसत नाही. समुद्रफुलात राहणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश दिसला तर जवळ जाऊ नका, तो केवढासा असतो पण अंगावर धावून येतो. आणि कशालाच हात लावायचा नाही. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. २०१० साली समुद्र तापून अंदमानचं बरंचसं प्रवाळ पांढरं पडलं होतं. शिवाय लायनफिश आणि दगडासारखा दिसणारा स्कॉर्पिअनफिश, दोघांचे काटे विषारी. किनाऱ्यावरचा मेलेला प्रवाळाचा तुकडाही पिशवीत टाकू नका. न्यायला कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

वर आल्यावर आधी नाक पुसा, मग फोटो काढा. मास्कमध्ये काय काय जमा झालेलं असतं ते तुम्हाला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं. कानात पाणी राहिल्यासारखं वाटतं, दिवसभरात जातं. दुसऱ्या दिवशीही कान बंद किंवा दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मालवणला केलं तर चालणार नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. चालेल की. पण तिथे खोली कमी, पाणी बरेचदा गढूळ, आणि सुट्टीच्या गर्दीत सरावाला वेळ फार थोडा मिळतो. तिकडे करायचंच तर गर्दीचा रविवार टाळा. किंवा तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबाची संस्था आहे, तिथे रीतसर शिकवतात.

एकदा जाऊन आल्यावर स्वतःहून, कुणी न धरता जावंसं वाटलं, तर पुढची पायरी ओपन वॉटर कोर्स. तीन-चार दिवस, चार डाइव्ह, १८ मीटरपर्यंत जायची परवानगी. पण तिथे पोहता न येणाऱ्यांना सूट नाही: २०० मीटर न थांबता पोहायचं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवायचं. मी बायकांच्या बॅचला जाते आहे. तरंगणं जमलं, दोनशे मीटर अजून नाही.