अर्धांगवायूनंतरचा तोल घरच्या स्मार्टफोनवर कसा नोंदवावा

खानापूर तालुक्यातील जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजूने अर्धांगवायू झालेल्या माणसाला फिजिओथेरपीसाठी बेळगावला आणायचे म्हणजे घरातल्या दोघांचा पुरा दिवस मोडतो, आणि पावसाळ्यात तर दोन भेटींमध्ये कित्येक आठवडे निघून जातात. त्या मधल्या काळात तोल सावरतो आहे की नाही, याची नोंद घरच्या स्मार्टफोनमधील त्वरणमापकाने, म्हणजे हालचालीतला बदल मोजणाऱ्या संवेदकाने, ठेवता येते. ती थेरपिस्टच्या तपासणीची जागा घेत नाही, म्हणून पहिली चाचणी त्यांच्यासमोरच करावी. आणि ज्यांना आधाराशिवाय अर्धा मिनिटही उभे राहता येत नाही, त्यांची चाचणी घरी मुळीच घेऊ नये.

जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत ॲप फोनवर घ्यावे व त्यातील गुरुत्वासह त्वरण मोजण्याचा पर्याय उघडावा. फोन टेबलावर उताणा ठेवल्यावर झेड अक्षावर, म्हणजे पडद्याच्या काटकोनातल्या दिशेत, सुमारे ९.८ हा आकडा दिसला, म्हणजे संवेदक ठीक आहे.

सर्वाधिक चुका फोन बांधताना होतात. तो खिशात वा हातात न ठेवता पाठीमागे, कमरेच्या खालच्या मणक्यांवर, उभा आणि पडदा बाहेर करून रुंद पट्ट्याने घट्ट बसवावा, कारण शरीराचा गुरुत्वमध्य त्याच सुमारास असतो. नऊवारी नेसणाऱ्या आजींच्या बाबतीत काष्टा नेमका तेथेच खोचलेला असतो. त्या घडीवर बांधलेला फोन स्वतःच डोलतो आणि तो डोल आजींच्या नावावर जमा होतो. अशा वेळी पट्टा घडीच्या दोन बोटे वर बांधावा आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेथेच बांधावा.

घराचा कोपरा पाठीशी आणि जड खुर्ची समोर राहील अशी जागा निवडून, शहाबादी फरशीवर पावलांच्या खुणा खडूने आखाव्यात. मदतनिसाने दुबळ्या बाजूला, किंचित मागे, कमरेला न शिवता पण हात तयार ठेवून उभे राहावे. ॲपमध्ये सुरुवातीला ५ सेकंदांचा अवकाश व नंतर ३० सेकंदांचे मापन लावावे. “आज्जी, समोरच्या कॅलेंडरकडं बघा, बोलू नका,” अशी एकच सूचना त्यांच्या रोजच्या बोलीत द्यावी. मध्ये बसवून विश्रांती देत तीन वेळा मापन घ्यावे. डोळे मिटून चाचणी घेणे थेरपिस्टच्या परवानगीवर सोडावे.

आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवून एक्स स्तंभाचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत ते, काढावे. फोन उभा असल्याने हा स्तंभ डावी-उजवीकडचा डोल दाखवतो. तीन उत्तरे लहानमोठ्या क्रमाने लावून मधले वहीत लिहावे. आकडा उतरत गेला तर बहुधा स्थैर्य वाढत असते. पण भीतीने अंग ताठ धरून सगळा भार चांगल्या पायावर टाकणाऱ्याचाही आकडा लहान येऊ शकतो, म्हणून दुबळ्या पायावर भार पडला की नाही, हे शेजारी लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. तुलना त्याच व्यक्तीच्या, त्याच फोनवरील, दिवसाच्या त्याच वेळेच्या नोंदींशीच करावी. वहीतील स्तंभांची नावे मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहिली, तर तपासणाऱ्याला ती विचारावी लागत नाहीत.

तोल अचानक ढासळला, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर मापन सोडून तत्काळ १०८ ला फोन करावा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, ते रुग्णालयात सांगावे, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.