वेदना कमी करण्यासाठी स्वसंमोहनातील सूचना कशी निवडावी

वेदनेची तीव्रता आणि तिच्यामुळे होणारा त्रास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून यांपैकी नेमके काय कमी करायचे आहे हे स्वसंमोहनाला बसण्यापूर्वीच ठरवावे. 1997 साली वेदनेचे संशोधक पिएर रेनव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संमोहित व्यक्तींचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवले आणि फक्त त्रास कमी किंवा अधिक वाटेल अशा सूचना दिल्या. त्या वेळी मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील, म्हणजे वेदनेच्या भावनिक बाजूशी निगडित भागातील, सक्रियता सूचनेनुसार बदलली, परंतु स्पर्शासारख्या संवेदना टिपणाऱ्या प्राथमिक संवेदी भागात तसा बदल आढळला नाही. याच गटाने 2001 मध्ये तीव्रतेविषयी सूचना दिल्या, तेव्हा मात्र बदल संवेदी भागात दिसून आला. सूचनेचे शब्द इतके काटेकोरपणे का निवडायचे, याचे उत्तर माझ्या मते या दोन प्रयोगांत आहे.

आरामात बसून नजर एका बिंदूवर स्थिर करावी, श्वास सावकाश सोडत राहावे आणि पापण्या जड झाल्या की डोळे मिटावेत. तीव्रता कमी करायची असल्यास उजवा हात मनगटापर्यंत गार पाण्यात बुडाला आहे अशी कल्पना करावी. प्रथम बोटांची टोके गारठतात, मग गारवा पेरांमधून तळहातात उतरतो आणि हळूहळू त्वचा जाड, बधिर होत जाते; यातील प्रत्येक पायरी जाणवेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये. एका हाताच्या नखाने दुसऱ्या हाताची पाठ, अशा रीतीने आळीपाळीने दोन्ही हातांच्या पाठी हलकेच दाबून फरक पाहावा. फरक जाणवू लागला की उजवा हात दुखऱ्या जागेवर ठेवून बधिरपणा तिथे उतरत असल्याची सूचना द्यावी.

त्रास कमी करायचा असेल, तर संवेदना नाकारू नये. ‘ती जाणवते आहे, पण दूरवर आहे आणि मी स्वस्थ आहे,’ असे मनात म्हणावे. ‘दुखणार नाही’ हे वाक्य टाळलेलेच बरे, कारण त्याने लक्ष पुन्हा दुखण्याकडेच वळते.

सर्वांना सारखाच गुण येत नाही. प्रयोगशाळेतील 85 चाचण्यांच्या 2019 मधील एकत्रित विश्लेषणात, संमोहनाला उत्तम प्रतिसाद देणाऱ्यांची वेदना वेदनाशमनाच्या थेट सूचनेने सुमारे 42 टक्के, तर मध्यम प्रतिसाद देणाऱ्यांची सुमारे 29 टक्के कमी झाली. ज्यांचा प्रतिसाद मुळात कमी असतो त्यांना लाभही थोडाच होतो आणि त्यात त्यांच्या इच्छाशक्तीचा दोष नसतो.

निदान न झालेले दुखणे अशा प्रकारे कधीही दाबू नये, कारण वेदना हा शरीराचा इशारा असतो. मनोविकृती किंवा अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. शेवटी हाताची संवेदना पूर्ववत झाली आहे अशी स्पष्ट सूचना द्यावी, पाच अंक मोजून डोळे उघडावेत आणि पूर्ण सावध झाल्याची खात्री होईपर्यंत वाहन चालवू नये.