लहान मुलांचं बीपी: मोजायचं कसं, आकडा वाचायचा कसा

मुलांचं बीपी चुकतं ते बहुतेक वेळा पट्ट्यामुळे. घरच्या डिजिटल यंत्रासोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. सात वर्षांच्या काटकुळ्या पोराच्या दंडावर तो सैल बसतो, आकडा कमी दाखवतो आणि वाढलेलं बीपी झाकून टाकतो. गुटगुटीत मुलाला छोटा पट्टा लावला की उलट होतं, नसलेलं बीपी दिसतं.

म्हणून आधी शिंप्याची टेप घ्या. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध दंडाचा घेर मोजा. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी घेराच्या किमान ४० टक्के हवी, लांबी ८० ते १०० टक्के. दंड १८ सेंमी असेल तर रुंदी सव्वासात सेंमीच्या आसपास, लांबी साडेचौदा ते अठरा. असा पट्टा घरी नसेल तर मोजूच नका, बालरोगतज्ज्ञांकडे मोजून घ्या.

मुलाला तीन ते पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, उजवा हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. उजवाच, कारण महाधमनी (हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी) जन्मतः अरुंद असेल तर डाव्या हाताचा आकडा फसवा कमी येऊ शकतो. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हातून पोरगं धावत आलं असेल, रडत असेल, तर तो आकडा धरू नका. यंत्रावर जास्त आलं तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून पुन्हा बघायला हवं.

मोठ्यांचं १२०/८० लहानांना चालत नाही. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर तक्ता ठरतो. पुढे तपासायची गरज आहे का, एवढंच कळण्यासाठी: तीन वर्षांच्या मुलाला १०१/५८, सहाला १०५/६६, दहाला १०८/७२, मुलींना एक-दोन आकड्यांचा फरक. यातला वरचा किंवा खालचा आकडा तिथवर पोचला तरी दाखवा. तेराव्या वर्षापासून १३०/८० म्हणजे वाढलेलं. मात्र एका दिवसाच्या आकड्यावर निदान होत नाही, तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त यायला हवं.

सहा वर्षांखालच्या मुलात खरंच जास्त निघालं तर आधी मूत्रपिंड तपासतात. अंगावर पिकलेले फोड किंवा घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांत सकाळी डोळे सुजलेले, लघवी काळ्या चहासारखी आणि कमी होत असेल, तर त्याच दिवशी लघवी आणि बीपी तपासा. नंदुरबारच्या पाड्यांवर पावसाळ्यात फोडांकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. डोकं खूप दुखणं, उलट्या, अंधुक दिसणं किंवा झटका (फिट) आला तर यंत्र शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

मोठ्या मुलांत वजन हे मुख्य कारण. जेवणात फक्त मीठ कमी करून भागत नाही. शेवभाजी, ठेचा, लोणचं, पापड, बिबडे यांतूनच बरंच पोटात जातं. पापडखारातही सोडियमच असतं. वाळवण बंद करायची गरज नाही, पण रोज ताटात नको, आणि वरून मीठ तर नकोच.

दाखवायला जाताना सगळे आकडे तारखेसकट, उंची, वजन आणि चालू औषधं (सर्दीची, स्टेरॉइडचीही) एका कागदावर लिहून न्या. सुरू झालेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तर तोच कागद त्यांनाही दाखवता येतो.