सर्व्हरसाठी लिनक्स डिस्ट्रो निवडताय? या चुका टाळा

नवा सर्व्हर उभा करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सगळ्यात लेटेस्ट कुठली टाकू?" पुढचं निम्मं दुखणं या प्रश्नातूनच सुरू होतं. मी उलट विचारतो : हा सर्व्हर किती वर्षं चालवायचाय, आणि तेवढी वर्षं त्याला सिक्युरिटी पॅच कोण देणार? याचं उत्तर मिळालं की यादीत मोजक्याच डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) उरतात. डेबियन स्टेबल, उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी), रेड हॅट आणि तिच्याच घडणीच्या अल्मा आणि रॉकी. यातली कुठली चांगली यावर वाद घालण्यात मला रस नाही, यातली कुठलीही चालते. सर्व्हर बसतो तो खालच्या चुकांमुळे.

"स्टेबल"चा चुकीचा अर्थ लावणं

स्टेबल म्हणजे क्रॅश न होणारी, असं बहुतेकांना वाटतं. इथे स्टेबल म्हणजे न बदलणारी. डेबियन १२ ही रिलीज जून २०२३ मध्ये आली तेव्हा तिच्यात पायथन ३.११ होतं आणि शेवटपर्यंत ३.११ च राहणार. सुरक्षेतलं भोक सापडलं, तर दुरुस्ती त्या जुन्या व्हर्जनमध्येच आणून बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात, आणि हे न समजल्यामुळे लोक नसते उद्योग करतात.

जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) मधलं भोक सीव्हीई-२०२४-६३८७ या नोंद क्रमांकाने जाहीर झालं. मूळ प्रकल्पाने ९.८ काढून ते बुजवलं. डेबियन १२ मात्र ९.२ वरच राहिली आणि तिथेच पॅच आला. तरी सुरक्षा तपासणाऱ्या स्कॅनरच्या रिपोर्टमध्ये "९.२" बघून घाबरलेल्या लोकांनी सोर्सवरून ९.८ कंपाइल करून बसवलं. आता त्या सर्व्हरवरच्या एसएसएचला डिस्ट्रोचे अपडेट लागू होत नाहीत, आणि पुढचं भोक सापडेल तेव्हा पुन्हा कंपाइल करायचं कुणाच्या लक्षात राहणार? नुसता व्हर्जन नंबर बघू नका. पॅकेजच्या नंबरातलं "डेब१२यू"च्या पुढचं शेपूट बघा, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीईचा नंबर शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

सोर्सेस लिस्टमध्ये कोडनेमऐवजी "स्टेबल" लिहिणं

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण ही चूक अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी कुठे ना कुठे दिसते.

डेबियनमध्ये पॅकेज कुठल्या रिलीजमधून घ्यायची हे सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे रिलीजचं कोडनेम लिहिता येतं (बुकवर्म, ट्रिक्सी) किंवा नुसतं "स्टेबल". दिसायला दोन्ही सारखंच चालतं. पण "स्टेबल" हा शब्द एका रिलीजला बांधलेला नसतो. नवी रिलीज आली की तो तिच्याकडे वळतो.

१४ ऑगस्ट २०२१ ला डेबियन ११, बुल्सआय, आली. तेव्हा मी एका ठिकाणचा सर्व्हर सांभाळत होतो. तो डेबियन १०, म्हणजे बस्टरवर होता. आधीच्या माणसाने फाइलमध्ये "स्टेबल" लिहून ठेवलं होतं आणि ताबा घेताना मी ती फाइल उघडून बघितली नव्हती. ती चूक माझी. तिथल्या नव्या मुलाने नेहमीचा अपडेट करायला घेतला. एपीटीने (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) थांबून विचारलं होतं : रिपॉझिटरीचं (पॅकेजच्या कोठाराचं, म्हणजे रेपोचं) कोडनेम बस्टरवरून बुल्सआय झालंय, मान्य आहे का? त्याने वाय दाबलं. सिक्युरिटीच्या रेपोची मांडणी त्या रिलीजपासून बदलली होती, म्हणून ती ओळ एरर देऊ लागली. एरर जावी म्हणून त्याने ओळच कॉमेंट केली, म्हणजे निष्क्रिय केली. मग फुल-अपग्रेड, आणि जागा मोकळी करायला ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेज काढणारी कमांड).

संध्याकाळी फोन आला. "सर, साइटवर ५०२ एरर येतंय. मी काहीच बदललं नाही, फक्त अपडेट मारला."

पीएचपी ७.३ गेलं होतं, ७.४ आलं होतं. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) अजूनही ७.३ च्या सॉकेटकडे (पीएचपीशी बोलायच्या जागेकडे) रिक्वेस्ट पाठवत होता आणि तो सॉकेट आता जागेवर नव्हता. पाथ बदलला, साइट उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी वाढली तशी साइट पुन्हा आडवी. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा : मॅक्स चिल्ड्रनची (एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची) मर्यादा गाठली. ७.३ च्या पूल फाइलमध्ये कुणीतरी विचार करून ती मर्यादा ४० केली होती. पीएचपीच्या प्रत्येक व्हर्जनची सेटिंग वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ती आपोआप पुढे येत नाहीत. ७.४ ची फाइल कोरी होती आणि डेबियनचा डिफॉल्ट आहे ५. पाच प्रोसेस कामाला, बाकी सगळे रांगेत. आणि त्या कॉमेंट केलेल्या ओळीमुळे सिक्युरिटी अपडेट बंद होते हे सगळं शांत झाल्यावर कळलं.

मुलावर मी चिडलो नाही, पण मशीन प्रश्न विचारत असताना तो न वाचता वाय दाबायची सवय मला अजिबात खपत नाही. सर्व्हरवरचा प्रत्येक प्रश्न कारण असल्याशिवाय येत नाही.

आता कुठलाही सर्व्हर हाती आला की मी आधी ओएस-रिलीज ही (कुठली रिलीज ते सांगणारी) फाइल वाचतो, मग सोर्सेसची. (डेबियन १३ मध्ये ती डॉट सोर्सेस नावाने आणि वेगळ्या मांडणीत दिसू शकेल.) "स्टेबल" दिसलं की तिथल्या तिथे कोडनेम घालतो. रिलीज बदलायची ती ठरवून, क्लोनवर (सर्व्हरच्या नकलेवर) एकदा करून बघून, कुणाला तरी तारीख सांगून.

शेवटची तारीख न बघणं

रेड हॅटच्याच घडणीची सेंटओएस ८ ही रिलीज सप्टेंबर २०१९ मध्ये आली आणि २०२९ पर्यंत चालेल या हिशोबाने लोकांनी ती बसवली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तिचा आधार ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. हे कुणालाही आधी कळणं शक्य नव्हतं, त्याबद्दल निवडणाऱ्याला दोष नाही. ज्यांनी वर्ष हातात असताना अल्मा किंवा रॉकीकडे जायची तयारी केली ते सुटले. बाकीच्यांना २०२२ च्या सुरुवातीला रेपोचे मिररच (प्रती ठेवणारे सर्व्हर) सापडेनात.

साधा हिशोब डोक्यात ठेवा. डेबियन : तीन वर्षं, वर दोन वर्षं एलटीएस. उबुंटू एलटीएस : पाच वर्षं, उबुंटू प्रो घेतलं तर दहा. रेड हॅटच्या घराण्यात दहा. उबुंटूच्या मधल्या रिलीज फक्त नऊ महिने आणि फेडोरा साधारण तेरा महिने, म्हणून त्या सर्व्हरवर नकोतच. मी सर्व्हर लावतो त्याच दिवशी शेवटच्या तारखेच्या सहा महिने आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाकतो. उबुंटूत एका एलटीएसवरून पुढच्याच एलटीएसवर जाता येतं, मधली गाळून उडी मारता येत नाही. २०.०४ वर बसून राहिलात तर २४.०४ गाठायला दोन अपग्रेड लागतील.

टेस्टिंग किंवा रोलिंग सर्व्हरवर टाकणं

टेस्टिंग म्हणजे डेबियनची पुढची, अजून घडत असलेली रिलीज; रोलिंग म्हणजे सतत नवी पॅकेज येत राहणारी डिस्ट्रो. मार्च २०२४ चं एक्सझेड (फाइल लहान करणारं सॉफ्टवेअर) प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार घातलेलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिन किंचित हळू वाटलं, त्यांनी खोदून काढलं म्हणून ते सापडलं. तोवर ते व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंगमध्ये पोहोचलं होतं. स्टेबलमध्ये नव्हतं. "मला नवं पीएचपी हवंय" म्हणून अख्खा सर्व्हर टेस्टिंगवर नेणाऱ्यांना मी हेच सांगतो : नवं हवं तेवढंच कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त जागेत) चालवा. स्टेबलमध्ये टेस्टिंगचा रेपो मिसळणं तर त्याहून वाईट. एका पॅकेजपायी नवी ग्लिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रामना लागणारी मूळ सी लायब्ररी) आत येते आणि मग परतीची वाट उरत नाही.

सिस्टिमच्या पायथनला हात लावणं

सेंटओएस ७ वर पायथनची लिंक ३ कडे वळवली की यम (तिथलं पॅकेज बसवणारं साधन) बंद पडायचं, कारण ते पायथन २ मध्ये लिहिलेलं होतं. आता डेबियन १२ पासून पिप (पायथनची पॅकेज बसवणारं साधन) स्वतःच अडवतं, तर लोक अडथळा ओलांडायचा फ्लॅग शोधून लावतात. कृपा करून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमपासून वेगळं पायथन) करा.

आणखी काही, थोडक्यात

एसईलिनक्स (प्रोग्रामना काय करता येईल यावर बंधन घालणारी सुरक्षा यंत्रणा) अडवतोय म्हणून कायमचा बंद करू नका. ऑडिट लॉग वाचा, बहुतेक वेळा एक लेबल किंवा एक बुलियन (चालू-बंद सेटिंग) बदलून भागतं.

सर्व्हरवर डेस्कटॉप नको.

अल्पाइन कंटेनरसाठी छान आहे. पण तिच्यात ग्लिबसी नसून मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे, त्यामुळे बाहेरून आणलेली तयार बायनरी चालेलच असं धरू नका.

जुनं मशीन वापरणार असाल तर प्रोसेसर आधी तपासा. रेड हॅट ९ ला एक्स८६-६४-व्ही२ (प्रोसेसरच्या क्षमतेची पातळी) लागतं, १० ला व्ही३. अल्मा १० ची व्ही२ साठी वेगळी आवृत्ती मिळते. हे इन्स्टॉलर सुरू करण्याआधी बघायचं असतं. चालू सर्व्हरच्या अपग्रेडलाही तेच लागू आहे, क्लोनवर करून बघताना क्लोन त्याच प्रोसेसरच्या मशीनवर ठेवा.