कॅम्परसाठी पिकअप तयार करताना

पिकअपच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायची पेटी, बसवायचे ठरले की बहुतेक जण पेटीच्या आराखड्यापासून सुरुवात करतात. झोपायची जागा किती, ओटा कोणत्या बाजूला, खिडक्या कुठे, यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते आणि गाडी किती ओझे पेलेल हा प्रश्न पेटी तयार झाल्यावर विचारला जातो. हा क्रम उलटा हवा, असे माझे ठाम मत आहे. आधी वजन, मग पाटे (ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायर, त्यानंतर पेटी बांधण्याची व्यवस्था, आणि आतील सोयी सर्वांत शेवटी. (बोलेरो कॅम्पर हे नाव ऐकून गोंधळ होऊ देऊ नये, ती दोन ओळींच्या केबिनची पिकअप आहे, तिच्यावर राहण्याची पेटी नसते.)

डिझेलची टाकी पूर्ण भरून, हौदा रिकामा करून गाडी काट्यावर न्यावी. पुण्यात मार्केट यार्डाच्या परिसरात, तसेच भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक भागात वजनकाटे सहज सापडतात. सकाळी लवकर गेल्यास मालट्रकांची रांग लागलेली नसते आणि काटेवाल्याला आपले म्हणणे नीट समजावून सांगता येते. त्याला तीन वजने मागावीत: फक्त पुढची चाके काट्यावर असताना, पूर्ण गाडी काट्यावर असताना, आणि फक्त मागची चाके असताना. पावत्या जपून ठेवाव्यात, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवरून घ्यायचा आहे. समजा गाडीचे मान्य एकूण वजन २,५०० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचे वजन १,९०० भरले, तर हाती ६०० किलो उरतात. त्यांतून दोन माणसांचे १४०, साठ लिटर पाण्याचे ६० आणि अंथरूण, भांडी, गॅस, शिधा यांचे आणखी ६० किलो वजा केले, की पेटीसाठी ३४० किलोच राहतात. चौघे जाणार असतील तर हाच आकडा २०० वर येतो.

माझी पहिली पेटी बनवणाऱ्याने तिचे वजन ३०० किलो सांगितले होते. ती गाडीवर चढवून काटा केला, तेव्हा दोन पावत्यांमधील फरक ४१० निघाला. चूक शोधायला फार वेळ लागला नाही: फर्निचरला वापरतात ते १८ मिमीचे प्लाय त्याने भिंतींनाही लावले होते, आणि ८ बाय ४ फुटांची तशी एक शीट ३० किलोच्या वर जाते. भिंतींना ६ मिमीचे प्लाय आणि ॲल्युमिनियमची चौकट पुरेशी होते. त्यामुळे बांधणाऱ्याशी दराबरोबर वजनाचाही आकडा लेखी ठरवावा आणि अखेरची रक्कम काटा झाल्यावरच द्यावी.

किती वजन आहे याइतकेच ते कुठे पडते हेही महत्त्वाचे आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये ३ मीटर अंतर असलेल्या गाडीवर ५०० किलोचा भार मागच्या ॲक्सलच्या ३० सेंमी मागे पडला, तर मागच्या ॲक्सलवर ५५० किलो येतात आणि पुढचा ॲक्सल ५० किलोने हलका होतो. म्हणजे घाटात ज्या चाकांनी वळायचे आणि ब्रेक लावताना ज्यांवर भिस्त ठेवायची, तीच उचलली जातात. तोच भार ॲक्सलच्या ३० सेंमी पुढे आणला, तर मागे ४५० आणि पुढे ५० अशी वाटणी होते. पेटीचा तोल शोधण्याची रीत सोपी आहे. दीड इंची लोखंडी पाइप आडवा ठेवून सर्व सामान आणि पाणी भरलेली पेटी त्यावर टेकवावी, कलंडू नये म्हणून दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे पाइपच्या उंचीपेक्षा थोडे खाली ठेवावेत, आणि पाइप पुढे-मागे सरकवत पेटी जिथे सावरते तिथे बाहेरच्या पत्र्यावर खडूने उभी रेघ मारावी. ही रेघ गाडीवर मागच्या ॲक्सलच्या पुढेच आली पाहिजे. दोन ओळींच्या केबिनच्या गाडीचा हौदा साधारण पाच फुटांचा असल्याने हे अवघड जाते. म्हणून पलंग केबिनच्या टपावर पुढे काढतात आणि पाण्याची टाकी, बॅटरी या जड वस्तू हौद्याच्या पुढच्या भिंतीला लागून, शक्य तितक्या खाली ठेवतात.

आता पाटे. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत मोजावे. भार चढल्यावर पाट्याची कमान सरळ होऊन उलटी झुकत असेल किंवा ॲक्सल रबरी ठोकळ्याला टेकू लागला असेल, तर एक पाटा वाढवावा लागतो आणि शॉक ॲब्सॉर्बरही त्या भाराला साजेसे घ्यावे लागतात. हवेच्या पिशव्या बसवल्यास दाब कमीजास्त करता येतो, हा फायदा खरा; मात्र त्या चेसीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) एकाच ठिकाणी जोर देतात आणि मागे बरेच ओझे लोंबत असेल तर केबिनच्या मागे चेसी वाकण्याचा धोका असतो. पाटा वाढवला किंवा पिशवी बसवली म्हणून गाडीची मान्य वजनमर्यादा वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चेसी तीच असतात. टायरवरील भारांक अवश्य वाचावा: १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. टायरमध्ये हवा ओझे चढवलेल्या गाडीसाठी दिलेल्या दाबाप्रमाणे, टायर थंड असताना भरावी.

पेटी हौद्याच्या पत्र्याला कधीही बांधू नये. खडबडीत रस्त्यावर चेसी पिळवटते, केबिन आणि हौदा तिच्यावर वेगवेगळे हलतात, आणि पत्र्याला केलेली भोके काही महिन्यांत फाटू लागतात. चार कड्या चेसीला बोल्टने धरलेल्या कंसांवर असाव्यात. चेसीला वेल्डिंग करू नये आणि तिच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडू नये. पेटीखाली हौद्याच्या मापाची जाड रबरी चटई टाकावी, पुढच्या भिंतीशी लाकडी अडसर ठेवावा म्हणजे ब्रेक लागल्यावर पेटी सरकून भिंतीवर आदळणार नाही, आणि चारही कोपरे स्प्रिंग असलेल्या टर्नबकलने (फिरवून ताणायच्या हुकाने) ओढावेत. केबिनचा टप आणि पुढे आलेला पलंग यांत पिळवटण्यापुरते अंतर हवे. प्रत्येक नटवर आणि शेजारच्या कंसावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी; नट सैल झाला की ती रेघ तुटलेली दिसते. ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

हौद्याचा मागचा फाळका काढावा लागल्यास मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकल्या जाणार नाहीत, हे पाहावे. आतील बॅटरी डीसी-डीसी चार्जरमार्फत (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणाऱ्या उपकरणामार्फत) गाडीच्या बॅटरीला जोडावी आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज लावावा. ३० अँपिअरसाठी जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची तार १० चौरस मिमीची घेतली, तरी सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. त्याहून बारीक तार घेऊ नये. गॅसच्या टाकीचा कप्पा आतून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा हवा, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो.

कायद्याची बाजू काम सुरू होण्यापूर्वीच तपासावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. पेटी कायमची जोडायची असेल, तर आराखडा घेऊन संगम पुलाजवळील किंवा आपली नोंदणी असेल त्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. मागील ॲक्सलच्या पाठीमागे येणारी लांबी व्हीलबेसच्या (दोन ॲक्सलमधील अंतराच्या) ६० टक्क्यांहून अधिक नसावी. ३ मीटरला ही मर्यादा १.८ मीटर होते.

सर्व भरून झाल्यावर पुन्हा काटा करावा आणि दोन्ही ॲक्सलचे आकडे पहिल्या पावत्यांशी ताडून पाहावेत. हेडलाइटचा झोत खाली घ्यावा आणि गाडीची नवी उंची सेंटिमीटरमध्ये मोजून स्टिअरिंगजवळ लिहून ठेवावी. पहिली चाचणी पहाटे बोपदेव घाटातून सासवडपर्यंत घ्यावी. अंतर कमी, चढ-उतार आणि वळणे भरपूर, आणि काही बिघडले तर घर जवळ. उतारावर खालच्या गिअरमध्येच राहावे. सासवडला पोहोचल्यावर विजेरी घेऊन गाडीखाली वाकावे, पाटे ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट आणि टर्नबकल यांवरील रेघा एकेक करून पाहाव्यात, टायरच्या आतील बाजूला घासल्याची खूण आहे का ते तपासावे. परतल्यावर सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवा पाटा पहिल्या काही खेपांत बसतो आणि बोल्ट सैल पडतात. ताम्हिणी घाटासारख्या लांबच्या सहलीचा बेत त्यानंतरच करावा.