गल्लीतला चौक असो की लेआऊटमधलं उद्यान, सुरुवात पाण्यापासून करा

बेळगावात कुठला चौक सुशोभित करायचा म्हटलं की यादी ठरलेलीच असतंय, पेव्हर ब्लॉक, कारंजं, लॉन आणि रंगीत लाईटी. दोन वर्षांत कारंजं बंद पडतंय, लॉन पिवळं होतंय आणि एप्रिलच्या दुपारी तिथं सावली नाही म्हणून कोण बसत नाही. मला मनापासून वाटतं की हे बदलायला पाहिजे, आणि ते गल्लीतल्या पंच मंडळींनी, युवक मंडळानं, लेआऊटवाल्यांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. आपल्याकडं पाऊस भरपूर पडतो पण चार महिन्यांत सगळा पडून मोकळा होतो, नंतर वळीव येईपर्यंत कोरडं, तेव्हा ते चार महिन्यांचं पाणी जागेतच मुरवायचं हे एकदा पक्कं केलं की झाडं कुठं, वाट कुठं, बसायला कुठं हे आपोआप ठरत जातं.

पहिलं काम जुलैत करायचं. छत्री घ्या, जागेचा साधा नकाशा घ्या आणि पाऊस चालू असतानाच फिरून बघा की पाणी कुठनं येतंय, कुठं साचतंय, कुठल्या कोपऱ्यातनं गटारीला जातंय, तिथं तिथं बाण काढा. माणसं कुठनं आडवी जातात त्या पायवाटाही काढून घ्या, कारण वाट तिथंच करायची, नाहीतर लोक फुलझाडं तुडवून जाणारच. आता हिशोब बघा. १० गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर, एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर, म्हणजे ५० मिमीचा एक जोराचा पाऊस झाला की तेवढ्या जागेवर ५०,००० लिटर, पाच हजारवाले दहा टँकर! हे सगळं आपण गटारीत सोडतो आणि मग आपला बेळगावचा बळ्ळारी नाला फुगून पाणी भाताच्या शिवारात शिरलं की हळहळतो.

दुसरं, माती पाणी किती पिते ते बघायचं. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, मग परत भरा आणि या दुसऱ्या वेळचं घड्याळ लावा, कारण पहिलं पाणी कोरडी माती ओढून घेते त्यामुळं अंदाज चुकतो. दोनचार तासांत जिरलं तर उत्तम, तांबड्या मुरमाड मातीत बहुतेक जिरतं. दुसऱ्या दिवशीपण तसंच उभं असेल, भातशिवाराकडच्या चिकट मातीत असं होतं, तर तिथं पाणी मुरवायचा हट्ट धरू नका, रुंद उथळ चर करून हळूहळू पुढं जाऊ द्या. चर वीतभर ते फूटभर खोल पुरे, बाजू इतक्या उतरत्या ठेवा की लहान पोर पडलं तरी लागणार नाही, आत वाळा आणि कर्दळ लावा, वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पाणी एकदोन दिवसांत जिरलं नाहीतर पुढं गेलं पाहिजे, आठवडाभर राहिलं तर डास होणार.

जवळपास जुनी विहीर असेल तर सोनं समजा. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली, अजून सगळ्यांना माहीत आहे. अशा विहिरीकडं पाणी न्यायचं तर मध्ये खडी-वाळूचा खड्डा पाहिजेच, रस्त्याचं ऑइलचं पाणी कधीच सोडायचं नाही.

फरशी चालायच्या वाटेपुरतीच घाला. पेव्हर घालायचेच तर खाली काँक्रीट नको, खडी आणि वाळूवर बसवा म्हणजे सांध्यातनं पाणी उतरतं. कट्ट्याला आपला जांभ्याचा चिरा चांगला, तापत कमी, दुरुस्ती सोपी. उंची दीड फूट, आणि काही ठिकाणी तरी पाठ टेकायला करा, म्हाताऱ्या माणसांना नुसत्या कट्ट्यावर बसवत नाही.

आता झाडं, इथं घाई करू नका. आधीची जी मोठी झाडं आहेत ती नकाशावर पहिल्यांदा काढा आणि बाकी सगळं त्यांच्या कडेनं बसवा. बुंध्यापर्यंत पेव्हर भिडवलेलं झाड नीट बघा, एका बाजूला मुळानं ब्लॉक उचललेले असतात, दुसऱ्या बाजूला सालीत सिमेंट रुतलेलं असतं आणि पाण्याला आत जायला बोटभर फट नसते. निदान चार फुटांचं मोकळं अळं ठेवाच. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या न्यायाधिकरणानं, २०१३ साली झाडाभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आपण आदेशाची वाट कशाला बघायची?

नवीन लावताना पश्चिमेला आणि दक्षिणेला मोठी सावलीची, करंज, बकुळ, जांभूळ, आठदहा मीटर अंतरावर. वीजतारेखाली कांचन, पारिजातक. बहावा आणि ताम्हण उन्हाळ्यात फुलतात, ते वाटेच्या कडेला. गुलमोहर दिसायला भारी पण फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात मोडतात, म्हणून बसायच्या जागेवर नको. जिल्ह्यातल्या अथणीकडं पाऊस फार कमी, तिथं कडुनिंब, चिंच, आपटा यांच्यावर भर द्या. लॉनपेक्षा हरळी चालू द्या, खेळायला लागेल तेवढीच.

खड्डे मे महिन्यात काढून ठेवा, शेणखत मिसळा, जूनचा पाऊस लागला की रोपं लावा. पालापाचोळा जाळू नका, अळ्यात चार बोटं पसरा, फक्त बुंध्याला चिकटवू नका. पहिले तीन उन्हाळे पाणी घालावंच लागतं, म्हणून कुठल्या घरानं कुठलं झाड बघायचं ते लावायच्या आधीच ठरवा.

झाड तोडायचं कोण म्हणत असेल तर १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ते विचारा. उद्यानं आणि मोकळ्या जागांसाठी १९८५ चा वेगळा कायदा आहे. महानगरपालिकेत अर्ज देताना पाण्याच्या बाणांचा तो नकाशा जोडा, देखभालीचा खर्च कामाच्या इस्टिमेटमध्येच लिहून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.